हजेरी, शिस्त, तक्रार आणि मुलांची सुरक्षा: पालक शाळेबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

पालकसभेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि त्याहून जास्त शाळा सुटल्यावर फाटकाशी उभं राहून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कायदे देशभर तेच आहेत, शासन निर्णय आपल्या राज्याचे.

हजेरी, शिस्त, तक्रार आणि सुरक्षा ही शाळेच्या कागदांत चार वेगळी प्रकरणं असतात. मुलाच्या बाबतीत ती वेगळी राहत नाहीत. त्याला कुणी मारतं, चिडवतं किंवा त्याहून वाईट काही करतं, तेव्हा ते तक्रार करत नाही. ते शाळेत यायचं टाळतं. म्हणून सुरुवात हजेरीपासून.

हजेरी

७५ टक्के हजेरीची अट नक्की कुणाला लागू होते?

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना. सीबीएसईच्या नियमांत ही अट स्पष्ट आहे. गंभीर आजारपण किंवा राष्ट्रीय पातळीवरची क्रीडा स्पर्धा अशा कारणांसाठी उरलेल्या २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण कागदपत्रं वेळेवर द्यावी लागतात. फेब्रुवारीत जुन्या तारखेचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणून काम होईल असं धरून चालू नका.

पहिली ते आठवीची गोष्ट वेगळी. हजेरी कमी आहे म्हणून या वर्गातल्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नं तो मार्ग बंद केला आहे. मुलाला परत वर्गात आणणं एवढंच शाळेच्या आणि शासनाच्या हातात उरतं.

अधूनमधून एखादा दिवस बुडला तर काय बिघडतं?

याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. दर पंधरवड्याला एक दिवस घरी राहिलं, तर २०० पैकी साधारण २० दिवस जातात. म्हणजे १० टक्के. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या शिक्षण खात्यांनी काळजीची रेषा इथेच आखली आहे. आणि ७५ टक्के म्हणजे ५० दिवस गैरहजर! ‘पंच्याहत्तर भरले ना, मग झालं’ असं म्हणताना हा आकडा आठवावा.

उशिराचाही हिशेब करून पाहा. रोज १० मिनिटं उशीर झाला तर २०० दिवसांत २,००० मिनिटं होतात. सहा तासांच्या शाळेचे साडेपाच दिवस. शिवाय ही दहा मिनिटं नेहमी पहिल्याच तासातून जातात, आणि अनेक शाळांत तो तास गणिताचा नाहीतर भाषेचा असतो.

रजेचा अर्ज लागतोच का? फोन केला तर चालत नाही?

फोन आधी करा, अर्ज नंतर द्या. अर्जात तारीख, कारण आणि सही असली की पुरे. कारण खरं लिहा. ‘ताप’ असं लिहून लग्नाला गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात लग्नाच्याच गमती सांगतं, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक असतं.

मूल सकाळी पोट दुखतं म्हणतं आणि अकरा वाजता खेळायला लागतं. ढोंग समजायचं का?

ढोंग म्हणण्याआधी कॅलेंडर काढा. मागच्या दोन महिन्यांत कोणकोणत्या दिवशी पोट दुखलं तिथे खुणा करा. बहुतेक वेळा काहीतरी दिसतं. ठराविक वारी दुखतं, म्हणजे त्या दिवशी कोणता तास असतो? सोमवारीच दुखतं, म्हणजे शनिवार-रविवारी घरी काय होतं? फक्त स्कूल बसनं जायचं असतं तेव्हाच दुखतं आणि बाबा सोडायला निघाले की थांबतं, मग बसमध्ये कोण असतं?

एका मुलीच्या बाबतीत सगळ्या खुणा बुधवारी पडल्या होत्या. बुधवारी कवायत असायची आणि कवायतीसाठी कपडे बदलायला एकच खोली होती. तिथे मोठ्या वर्गातल्या मुली तिच्या जुन्या कपड्यांवरून हसायच्या. तीन महिने घरचे डॉक्टर बदलत होते. शाळेकडेही हजेरीपट होता, त्यात हेच सगळं लिहिलेलं होतं. तो रोज उभा, त्या दिवसापुरता वाचला जायचा. एका मुलीची ओळ आडवी कुणी वाचली नव्हती.

पोट खरंच दुखतं, हेही लक्षात ठेवा. भीतीनं मुलांच्या पोटात कळा येतात, मळमळतं. डॉक्टरांना दाखवाच, पण तिथे थांबू नका.

मूल घरून निघालं आणि शाळेत पोहोचलंच नाही, तर आम्हाला कधी कळणार?

हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारायला हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाच्या नियमित हजेरीबद्दल पालकांना वेळोवेळी सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. त्याच दिवशी, पहिल्या तासानंतर फोन किंवा संदेश जातो की नाही, हे मात्र शाळेशाळेवर अवलंबून असतं. जिथे जात नाही तिथे एक धोकादायक पोकळी राहते. घरच्यांना वाटतं मूल शाळेत आहे, शाळेला वाटतं घरी आहे, आणि संध्याकाळी पाचपर्यंत कुणीच शोधत नाही.

आपली बाजूही सांभाळा. मूल येणार नसेल तर शाळा भरायच्या आत कळवा. नंबर बदलला तर वर्गशिक्षकांना सांगा. आणीबाणीत शाळेनं फोन लावावा आणि ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकू यावं, हे जितकं वाटतं त्यापेक्षा फार वेळा घडतं.

आम्ही कामासाठी सहा महिने बाहेरगावी जातो. मुलाचं नाव कटेल का?

नाही. पण मुलाला नुसतं सोबत घेऊन जाऊ नका, आधी शाळेत सांगा. शिकण्याची नोंद असलेलं शिक्षण हमी कार्ड मागा. ते दाखवून नव्या ठिकाणच्या शाळेत बसता येतं. मूल गावीच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते विचारा. महिनाभराहून जास्त सलग गैरहजर राहिलेलं मूल ‘शाळाबाह्य’ धरलं जातं. त्याला परत आणण्यासाठी शाळाशाळांत बालरक्षक शिक्षक काम करतात. तुमच्या शाळेत कोण आहेत, ते विचारून ठेवा.

खंड पडून परत आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कलम ४ सांगतं. तेरा वर्षांच्या मुलाला तिसरीत बसवलं तर ते आठवड्याभरात पुन्हा पळणार, हे त्यामागचं साधं शहाणपण.

फी थकली म्हणून शाळा दाखला अडवते. चालतं का?

पहिली ते आठवीच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यायचा, असं कलम ५ म्हणतं. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला नाही म्हणून नवी शाळाही प्रवेश अडवू शकत नाही. फीची वसुली हा पालक आणि संस्था यांच्यातला व्यवहार, त्यात मुलाला ओलीस धरता येत नाही. थकबाकीदारांची नावं वर्गात वाचून दाखवणं हाही त्यातलाच प्रकार, आणि तो खाली सांगितलेल्या मानसिक छळाच्या जवळ जातो.

वर्तन आणि शिस्त

एखादी चापट मारली तर एवढं काय? आम्हीही मार खाऊनच शिकलो.

शिकलो ते मारामुळे की मार खाऊनही, हे ठरवणं अवघड आहे. कायद्यापुरतं उत्तर सरळ आहे. कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. उल्लंघन करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्याही आधी, २००० साली, दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांतल्या छडीच्या शिक्षेची तरतूद रद्द केली होती. मारहाण क्रूरतेच्या पातळीला गेली तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ लागू होऊ शकतं आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जातं.

छडी, चापट, कान पिरगाळणं, उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, बाकावर उभं करणं, उन्हात ठेवणं, लघवीला जाऊ न देणं हे सगळं यात आलं. मानसिक छळ म्हणजे टोपणनावानं हिणवणं, जातीवरून, रंगावरून, बापाच्या कामावरून बोलणं, ‘तू ढ आहेस, तुझ्या भावाकडे बघ’ असं रोज ऐकवणं.

‘सर, दोन द्या त्याला, आमची काही हरकत नाही’ असं सांगणारे पालक प्रत्येक सभेत भेटतात. पालकांच्या परवानगीनं हा नियम शिथिल होत नाही.

मग साठ मुलांच्या वर्गात शिस्त लावायची कशी? (हा प्रश्न शिक्षकांचा आहे, आणि रास्त आहे.)

आधी एक कबुली. कायदा झाला, छडी गेली आणि तिच्या जागी काय करायचं ते शिक्षकांना धड कुणी शिकवलं नाही. त्यामुळे काही वर्गांत छडी लपून राहिली, काहींत गोंधळ माजला.

चालतात त्या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत. नियम पाचच असावेत आणि जूनमध्ये मुलांसोबत बसून ठरवावेत. ‘गडबड करू नये’ असं लिहून उपयोग नाही, ‘दुसरा बोलत असताना आपण ऐकायचं’ असं लिहावं. नियम मोडला की काय होणार ते आधीच ठरलेलं असावं आणि ते सगळ्यांना सारखं लागू व्हावं. मुलांना कडक शिक्षक चालतात, भेदभाव करणारे चालत नाहीत. परिणामाचा चुकीशी संबंध हवा. भिंत रंगवली तर ती पुसायची, कुणाचं पुस्तक फाडलं तर ते चिकटवून द्यायचं. भिंत रंगवली म्हणून शंभरदा पाढे लिहायचे, यात मूल फक्त पाढ्यांचा राग करायला शिकतं.

समज देताना वर्गासमोर देऊ नये. चाळीस जणांपुढे अपमान झालेला मुलगा चाळीस जणांपुढेच तो भरून काढायला बघतो. तास संपल्यावर दोन मिनिटं बाजूला घेऊन बोललेलं जास्त लागतं.

अचानक बिघडलेलं वागणं आणि सुरुवातीपासूनचा खोडकरपणा यांत फरक करावा. दिवाळीपर्यंत शांत असलेला मुलगा जानेवारीत मारामारी करायला लागला, तर दिवाळी ते जानेवारी काय घडलं ते विचारायचं. त्या मुलाला शिक्षापुस्तिकेपेक्षा समुपदेशकाची गरज असते.

वर्गाबाहेर उभं केलं तर तीही शिक्षाच का?

हो. दोन मिनिटं शांत व्हायला पाठवलं आणि शिक्षकांचं लक्ष आहे, तर गोष्ट वेगळी. तासभर व्हरांड्यात उभं केलेलं मूल शिकत नाही आणि कुणाच्या नजरेतही नसतं.

वाईट वागणुकीसाठी शाळा मुलाला काढू शकते का?

आठवी पूर्ण होईपर्यंत नाही. २०१९ मध्ये कलम १६ बदललं ते नापास करण्यापुरतं. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची, नापास झाल्यास पुन्हा संधी द्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोडलं गेलं. महाराष्ट्रानं तो पर्याय २०२३ मध्ये स्वीकारला. काढून टाकण्यावरची बंदी मात्र कायम आहे.

नववीपासून पुढे शाळेला जास्त अधिकार आहेत, पण तिथेही आरोप लेखी हवा, मुलाला आणि पालकांना म्हणणं मांडू द्यायला हवं आणि निर्णयही लेखी हवा. ‘तुम्हीच दाखला काढून घ्या, नाहीतर रिमार्क मारू’ असं तोंडी सांगणं ही कारवाईची रीत नव्हे. असं कुणी म्हटलं तर शांतपणे एवढंच म्हणा: हे लिहून द्या.

मुलं एकमेकांना चिडवतातच. दादागिरी कधी म्हणायची?

दोघं बरोबरीचे असतील आणि भांडण आज होऊन उद्या मिटत असेल तर ते भांडण. एकाच बाजूला जोर असेल आणि तेच तेच पुन्हा घडत असेल तर दादागिरी. जोर अंगाचाच असतो असं नाही. टोळीचा असतो, हुशारीचा असतो, पैशांचा असतो. कुणाशी न बोलण्याचा कट हाही दादागिरीच, आणि तो पकडायला सगळ्यात कठीण.

शाळा इथे हमखास एक चूक करते. दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळवा’ म्हणते. भांडणात हे चालेल. दादागिरीत मार खाणाऱ्या मुलाला मारणाऱ्याचा हात धरायला लावणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा हरवणं. दोघांशी वेगवेगळं बोलावं, बघ्यांशीही बोलावं, कारण खरी माहिती त्यांच्याकडे असते. मग पंधरा दिवसांनी आणि महिन्यानं पुन्हा विचारावं. पहिल्या बैठकीनंतर त्रास थांबत नाही, तो लपतो.

मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये घडलं तर ‘शाळेबाहेरचं आहे’ म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत. ग्रुपमधली मुलं त्याच वर्गातली असतात. मजकूर पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. अपवाद एकच: एखाद्या मुलाचं अश्लील छायाचित्र असेल तर त्याच्या प्रती काढू नका, पुढे पाठवू नका, सरळ पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जा.

आणि आमचंच मूल दुसऱ्यांना त्रास देत असेल तर?

शाळेचा फोन आल्यावर पहिलं वाक्य ‘आमचा तसा नाहीये’ हे असू नये. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

तक्रार

तक्रार कुणाकडे करायची?

साधी बाब वर्गशिक्षकांकडे. तिथे सुटली नाही किंवा त्यांच्याबद्दलच असेल तर मुख्याध्यापकांकडे. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती किंवा संस्था. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तुमच्या शाळेत ही समिती फक्त फलकावर आहे की खरंच भरते, ते इतिवृत्त मागून बघा.

शाळेच्या बाहेर, गावात गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. सीबीएसईची शाळा असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयालाही प्रत पाठवा. शिक्षण हक्क कायद्याखालचा हक्क डावलला गेला असेल तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

या पायऱ्या फी, शिकवणं, वागणूक, शिक्षा अशा बाबींसाठी आहेत. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पायऱ्या चढत बसायचं नाही. थेट पोलिस. त्याबद्दल खाली.

तोंडी सांगितलं तर पुरतं का?

पुरायला हवं, पण पुरत नाही. तोंडी तक्रारीला तारीख नसते. चार महिन्यांनी ‘आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही’ असं ऐकावं लागतं आणि समोरचा खोटं बोलतोय असंही नसतं, तो खरोखर विसरलेला असतो.

अर्ज एका पानाचा असावा. ‘शाळेत मुलांवर अन्याय होतो, शिक्षकांची अरेरावी वाढली आहे’ असल्या वाक्यांवर कुणाला काही करता येत नाही. ‘सोमवारी तिसऱ्या तासाला गृहपाठ नव्हता म्हणून माझ्या मुलाला लाकडी पट्टीनं हातावर चार वेळा मारलं, वळ उठले, त्याच दिवशी संध्याकाळी फोटो काढला, शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनी पाहिलं’ असं लिहिलं की चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं. शेवटी तुम्हाला काय हवं ते लिहा. माफी, वर्गबदल, समज, की चौकशी? हे न लिहिल्यामुळे कित्येक तक्रारी नुसत्या फिरत राहतात.

कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर नोंदणीकृत डाकेनं किंवा ईमेलनं पाठवा.

तक्रार केली तर मुलावर राग काढतील, ही भीती वाटते.

भीती खोटी नाही. म्हणून अर्जातच एक वाक्य घाला: तक्रारीमुळे माझ्या मुलाला वेगळी वागणूक मिळणार नाही याची मुख्याध्यापकांनी काळजी घ्यावी. वाक्य साधं आहे, पण नंतर मुलाचे गुण अचानक उतरले किंवा त्याला स्नेहसंमेलनातून वगळलं, तर त्याचा उपयोग होतो. तेच दोन-तीन पालकांच्या बाबतीत घडलं असेल तर एकत्र अर्ज द्या. आणि मुलाला तक्रारीचा निरोप्या करू नका. चिठ्ठी त्याच्या दप्तरातून पाठवणं सोयीचं असतं, पण ती बाईंच्या हातात देताना त्याचे हात थरथरतात.

तक्रारपेटी बसवली आहे. ती कामाची असते का?

तिची किल्ली कुणाकडे आहे त्यावर अवलंबून. मुख्याध्यापकांच्या दालनासमोर लावलेली आणि शिपाई एकटाच उघडतो अशी पेटी रिकामीच राहणार. पेटी मुलांना न लाजता जाता येईल अशा जागी असावी, ठरलेल्या दिवशी दोन-तीन जणांच्या समक्ष उघडावी, त्यांत पालक आणि महिला असाव्यात, चिठ्ठ्यांची नोंद व्हावी. पेटी दर वेळी रिकामी निघत असेल तर ‘आमच्याकडे तक्रारीच नाहीत’ असा अर्थ काढू नये.

शाळेनं काय कारवाई केली ते आम्हाला सांगतील का?

चौकशी झाली, दखल घेतली, पुढे हे केलं, एवढं सांगायलाच हवं. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली याचा तपशील मात्र मिळणार नाही, मिळूही नये. उद्या तुमचं मूल त्या जागी असेल. सरकारी आणि अनुदानित शाळांकडून अर्जाचं पुढे काय झालं ते माहिती अधिकारातही विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस.

मुलांची सुरक्षा

पॉक्सो कायदा शाळेला काय करायला लावतो?

पॉक्सो म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा. तो २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल यात येतं, मुलगा असो वा मुलगी. मुलग्यांच्या बाबतीत लोक हे विसरतात आणि मुलगे स्वतः तर बोलतच नाहीत.

कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शक्यता वाटली, तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. यात शिक्षक आले, शिपाई आले, बसचालक आले, शेजारच्या बाकावरच्या मुलीची आईही आली. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलांना हे कलम लागू नाही. शैक्षणिक संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर धरतो आणि शिक्षाही वाढते.

कपड्यांवरून केलेला स्पर्श गुन्हा ठरतो का, याबद्दल एकेकाळी घोळ झाला होता. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला. हेतू लैंगिक असेल तर कपड्यांवरून केलेला स्पर्शही गुन्हाच.

शाळा म्हणते, आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो, मग पोलिसांकडे जाऊ.

हा क्रम चुकीचा आहे. खरं-खोटं ठरवणं मुख्याध्यापकांचं काम नाही, कळवणं हे आहे. अंतर्गत चौकशीत मुलाला पाच जणांसमोर पाच वेळा तेच सांगावं लागतं, आरोपीला सावध व्हायला वेळ मिळतो आणि पुरावे जातात. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्या रागाच्या मुळाशी दखल घ्यायला लागलेला उशीरही होता. त्यानंतर लगेच निघालेल्या शासन निर्णयानं असा प्रकार उघड झाल्यावर २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं शाळेवर बंधनकारक केलं. पोलिसांना कळवण्याची जबाबदारी त्याहून वेगळी आणि आधीची आहे.

‘नंतर आरोप खोटा निघाला तर?’

कलम १९ मध्येच लिहिलं आहे की चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, सूड म्हणून खोटं सांगणाऱ्या मोठ्या माणसाला. मुलाची माहिती चुकीची निघाली तरी मुलाला शिक्षा नाही.

मुलानं आपल्याला काही सांगितलं तर त्या क्षणी काय बोलायचं?

कमी बोलायचं. हातातलं काम ठेवून त्याच्या उंचीला बसायचं आणि ऐकायचं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.’ ही दोन वाक्यं पुरेत. ‘तू ओरडली का नाहीस’, ‘आधी का नाही सांगितलं’ हे प्रश्न तोंडापर्यंत येतात. ते गिळायचे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ असं म्हणा. नाव सुचवून विचारू नका, ‘अमुक काकांनी केलं का?’ असं तर नाहीच. ‘मग काय झालं?’ एवढंच. नंतर मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. त्यानं अवयवाला घरगुती शब्द वापरला असेल तर तोच लिहा, सभ्य करू नका.

मुलाला पोलिस ठाण्यात न्यावं लागेल का?

जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं किंवा तिच्याहून वरच्या महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत राहू शकते.

पालकांच्या ग्रुपवर हे सगळ्यांना सांगावं का, बाकीची मुलं सावध होतील?

नाही. मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ते ओळखू येईल असं काहीही प्रसिद्ध करणं कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे. ‘नाव नाही लिहिलं, फक्त तिसरी ब लिहिलं’ असं म्हणणाऱ्यांना कळत नाही की तिसरी ब मध्ये त्या आठवड्यात गैरहजर असलेली मुलगी एकच असते.

चांगली शाळा ओळखायला प्रवेशाच्या वेळी काय विचारावं?

कॅमेरे किती आहेत, हे सगळेच विचारतात. २०२४ च्या शासन निर्णयानंतर ते बसवावेच लागतात. पण कॅमेरा स्वच्छतागृहात नसतो, नसायलाच हवा, आणि चित्रीकरण कुणी पाहत नसेल तर तो नुसता पुरावा ठरतो, राखण करत नाही. म्हणून विचारायचं ते असं: लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? बसमध्ये महिला मदतनीस शेवटचं मूल उतरेपर्यंत असते का? कंत्राटी सफाई कामगार, चालक, क्रीडा प्रशिक्षक यांचीही पोलिस पडताळणी झाली आहे का, आणि शेवटची कधी? पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी ठराविक काळानं करायला सांगितली आहे. नेमणुकीच्या वेळी एकदा करून भागत नाही. मुलांच्या सुरक्षेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं शाळांत आली. तिच्यातल्या दोघींची नावं सांगता येतात का, तेही विचारा.

घ्यायला कोण येणार याचा नियमही विचारा. घरून कळवल्याशिवाय अनोळखी माणसाच्या हाती मूल देत नाहीत, असं शाळेनं ठामपणे सांगायला हवं. मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी शिपाईमामांनी तुमच्याच सख्ख्या भावाला अडवलं, तर चिडू नका. त्यांना थँक्यू म्हणा.

रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा?

१०९८. मुलांसाठीचा हा मोफत क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि आता देशभर चालतो. मूल स्वतःही लावू शकतं. तातडीचा धोका असेल तर ११२. दोन्ही क्रमांक मुलाला पाढ्यांसारखे पाठ करायला लावा. दप्तरातल्या वहीत लिहून ठेवलेत तर वही घरी राहिलेल्या दिवशी उपयोग नाही.